ओर्फिलियाची तिसरी नवेना

ओर्फिलियाची नवेना आम्ही तीनदा सुरू केली. आमच्या टेकडीवर असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पुढेही होणार नाही, कारण नवेना सांगणारी रोस्मिराच एक उरली आहे आणि तिचे गुडघे गेलेत.

माणूस गेला की आमच्याकडे नऊ संध्याकाळी त्याच्या घरी जपमाळ म्हणतात, तीच नवेना. भिंतीला पांढरी चादर लावायची, क्रूस टांगायचा, खाली टेबलावर नऊ मेणबत्त्या आणि पाण्याचा ग्लास ठेवायचा. गेलेल्याला तहान लागते म्हणून पाणी. रोज प्रार्थना झाली की एक मेणबत्ती विझवून काढून घ्यायची. नवव्या संध्याकाळी शेवटची विझते, चादर उतरते, सगळे दारासमोरून बाजूला होतात आणि ग्लासातलं पाणी बाहेर ओततात. मग तो माणूस घरातून जातो. तोपर्यंत तो घरातच असतो.

हे मी लहानपणापासून ऐकत आलो. कितीतरी घरांत भिंतीला टेकून उभा राहिलो, कॉफी प्यालो आणि परत आलो. आपल्या घरात याचा अर्थ काय होतो ते मला ओर्फिलिया, माझी बायको, गेली तेव्हा कळलं.

आमची वस्ती मेदेयिन शहराच्या वरच्या अंगाला आहे. गाडी खालच्या थांब्यापर्यंतच येते, पुढे पायऱ्या. त्या आम्हीच बांधल्या, रविवारी रविवारी, सिमेंट डोक्यावरून आणून. तेव्हा इथे आवाज फार होता. पोरं होती, रेडिओ होते, मधल्या काळात बंदुकाही होत्या. आता पोरं खाली राहायला गेली. वर आम्ही म्हातारे, कुत्री आणि कुंड्या. खालचे लोक म्हणतात, काय शांत जागा आहे. ओर्फिलिया होती तोवर मलाही तसंच वाटायचं.

ती नदीकाठच्या सपाट गावातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा पहिल्यांदा उतार पाहिला आणि पायरीवर बसूनच राहिली. चढायला ती घाबरायची नाही. चढताना माझ्या पुढे असायची, वर पोचून मला हसायची. पण उतरताना तिला खाली सगळं शहर दिसायचं आणि पाय उचलायचे नाहीत. म्हणून मी पुढे उतरायचो आणि ती मागून माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवायची. चर्चला, बाजाराला, मुलीच्या शाळेत, सगळीकडे अशीच. माझ्या सगळ्या शर्टांचा डावा खांदा आधी विरायचा. ती शिवणकाम करायची, तीच पुन्हा शिवून द्यायची आणि म्हणायची, "या खांद्याचा खर्च फार आहे."

शेवटी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं तेव्हाही मी पुढेच होतो. हॉस्पिटलमधून ती परत आली नाही.

पहिली नवेना खरोखर तुटली. सातव्या संध्याकाळी पाऊस झाला आणि मधल्या वळणावरचा मातीचा कडा पायऱ्यांवर आला. खालून कोणी वर येऊ शकलं नाही. रोस्मिरा खालच्या वळणावर राहते, ती तर नाहीच. मी एकटा टेबलासमोर बसलो. मला जपमाळ सांगता येत नाही. मी गिरणीतला माणूस, चर्चमध्ये मागे उभा राहणारा. सांगणाऱ्याच्या मागून म्हणायची उत्तरं येतात, सुरुवात येत नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी माती काढली आणि रोस्मिरा काठी टेकत आली. तिने मेणबत्त्यांकडे बघितलं.

"काल काही झालं नाही ना?"

"नाही."

"मग तुटली. पुन्हा पहिल्यापासून."

ओविदियो दारात उभा होता. तो माझा कोंपाद्रे, म्हणजे माझ्या मुलीचा धर्मपिता. आयुष्यभर न्हाव्याचं दुकान चालवलं, त्यामुळे तोंड बंद ठेवायची सवय नाही. तो म्हणाला, "रोस्मिरा, सहा दिवसांचा काही हिशोब नाही का? बँकेतसुद्धा धरतात."

"देवाच्या घरी नाही धरत. मेणबत्त्या लाव."

मी विझलेल्या मेणबत्त्या पुन्हा टेबलावर मांडल्या. सगळे दमलेले होते, मुलगी यानेथ तर रडकुंडीला आलेली. ती दरीच्या पलीकडे राहते, बेकरीत काम करते, दोन बस बदलून यायची आणि सगळ्यांसाठी पाव आणायची. मी मान खाली घालून मेणबत्त्या लावत होतो, कारण मला आनंद झाला होता आणि तो चेहऱ्यावर दिसू नये असं वाटत होतं. अजून नऊ संध्याकाळी ओर्फिलिया घरात राहणार होती.

ती घरात होती याबद्दल मला शंका नव्हती. सकाळी ग्लासातलं पाणी खाली गेलेलं असायचं. मी कडेला नख लावून किती उतरलं ते बघायचो, मग वरपर्यंत भरायचो. तिच्याशी बोलायचो. काय बोलायचो, तेच, मक्याची आरेपा करपली, कुत्रं कुंडीत झोपलंय. पाणी कमी होत होतं म्हणजे ती पीत होती. मला तेवढं पुरे होतं.

दुसरी नवेना जशी शेवटाकडे आली तसं माझं अन्न सुटलं. दोनच मेणबत्त्या राहिल्या होत्या. त्या संध्याकाळी यानेथला कामामुळे यायला जमणार नव्हतं. मी लोखंडी दार आतून लावलं, दिवा लावला नाही आणि ओर्फिलियाच्या शिवणयंत्रासमोर स्टुलावर बसलो.

आधी काठीचा आवाज आला. मग दार वाजलं.

"एवेलियो!" रोस्मिरा.

मी बसून राहिलो.

"झोपला असेल," कोणी बाई म्हणाली.

"यावेळी? कोंपाद्रे! अरे कोंपाद्रे! कॉफी नको आम्हाला, नुसतं दार उघड!" ओविदियो म्हणाला. "बायकांनो, त्याची कॉफी तशीही पाण्यासारखी असते. ओर्फिलिया होती तेव्हा मजा यायची या घरी यायला."

"गप रे. मेल्याचं घर आहे."

"म्हणून तर म्हणतो."

ते पायरीवर बसले. त्यांचं सगळं ऐकू येत होतं, कोणाचं पेन्शन अडकलंय, कोणाची सून बोलत नाही. मधूनमधून दार वाजवत होते. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. एकदा रोस्मिरा दाराला अगदी लागून म्हणाली, "एवेलियो, आत आहेस का रे?" आवाज इतका मऊ होता की मी उठणारच होतो. मी शिवणयंत्राचं चाक घट्ट धरून बसलो. अंधार पडल्यावर ते उतरले.

सकाळी मी रोस्मिराकडे गेलो आणि सांगितलं की रक्तदाबाची गोळी घेतली आणि झोपून गेलो.

"पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. गुडघ्याच्या सुजेवर तिने कोबीचं पान बांधलं होतं.

ओविदियो भेटला तेव्हा म्हणाला, "कोंपाद्रे, ओर्फिलिया स्वर्गात पोचायच्या आधी मीच पोचतो बघ. दार उघडून ठेवतो तिच्यासाठी, तुझ्यासारखं लावून नाही घेत."

त्याला कळलं होतं. पण तो हसत हसत बोलतो, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही.

तिसऱ्या नवेनेला पहिल्या संध्याकाळी निम्मेच लोक आले. मग त्यांतलेही गळले. शेजारीण म्हणाली पाय दुखतो, पलीकडचा म्हणाला रात्रपाळी, त्याला निवृत्त होऊन किती वर्षं झाली. मी कोणाला दोष देत नाही. मेलेल्या माणसासाठी टेकडी किती वेळा चढायची? शेवटी रोस्मिरा, ओविदियो, यानेथ आणि मी, एवढेच राहिलो.

यानेथने एका संध्याकाळी झाडू घेऊन पलंगाखाली हात घातला आणि एक खोकं बाहेर ओढलं. आत मेणबत्त्या होत्या, भरगच्च.

"पापा, हे काय?"

"मेणबत्त्या."

"दिसतंय. एवढ्या कशाला?"

"स्वस्त मिळाल्या."

ती पलंगावर बसली. खोकं मांडीवर. बेकरीचा वास होता तिच्या केसांना.

"त्या दिवशी तू झोपला नव्हतास."

मी खोकं घ्यायला हात पुढे केला. तिने सोडलं नाही.

"मला ओविदियो काकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, माझे पापा असं करणार नाहीत. पापा, मी रोज दोन बस बदलते. पाव आणते, कप धुते, परत जाते. मला आईसाठी नीट रडायलासुद्धा वेळ मिळाला नाहीये. तू काय करतोयस?"

"ती इथे आहे," मी म्हणालो. "संपलं की जाईल."

"ती गेली आहे."

"पाणी पिते. मी रोज बघतो."

यानेथने तोंडावर हात ठेवला. मग ती उठली आणि रोस्मिराच्या घरी खाली गेली. मला वाटलं दोघी मिळून भांडायला येतील. रोस्मिरा एकटीच आली. चढायला तिला फार वेळ लागला, मी वरून बघत होतो. ती आत येऊन टेबलासमोर बसली आणि दम खात राहिली. मला रागावलीच नाही.

"हा ग्लास रोज भरतोस?"

"रोज सकाळी."

"किती कमी होतं?"

"पहिल्यांदा बोटभर व्हायचं. आता अर्धा होतो." मी हे तिला अभिमानाने सांगितलं. ऊन वाढलं होतं, पत्रा तापायचा, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात नव्हतं.

रोस्मिराने ग्लास उचलून उजेडात धरला आणि परत ठेवला.

"मग तिची तहान वाढतेय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय, एवेलियो. प्रवासाला निघालेलं माणूस. अंगात कोट घातलेला, पिशवी हातात. तू तिला दारात उभं केलंयस. बस म्हणत नाहीस, जा म्हणत नाहीस. किती आठवडे झाले. तहान नाही लागणार?"

ती उठली आणि गेली. मी तिला पोचवायलाही गेलो नाही.

त्या रात्री मी ग्लासाकडे बघू शकलो नाही. पाणी कमी होणं म्हणजे ती जवळ असणं, एवढंच मी धरून होतो. आता तेच पाणी मला खायला उठलं. भरावं तरी वाईट, न भरावं तरी वाईट. ओर्फिलिया कधी काही मागायची नाही. पाय दुखले तरी सांगायची नाही, चुलीशी उभीच राहायची, आणि मी म्हणायचो, अगं बस की. आता मीच तिला बसू देत नव्हतो.

मी ठरवलं की ही नवेना पूर्ण करायची. पुढच्या संध्याकाळी मी दार दुपारपासूनच उघडं ठेवलं. मेणबत्त्या कमी होत गेल्या आणि मी प्रत्येकीला हात लावताना मनात म्हणायचो, थोडंच राहिलं, थोडंच राहिलं.

एकच मेणबत्ती राहिली त्या दिवशी दुपारी ओविदियो धापा टाकत आला.

"कोंपाद्रे, रोस्मिराचा गुडघा एवढा झालाय," त्याने दोन्ही हातांनी भोपळा दाखवला. "उभं राहता येत नाहीये. ती म्हणते आज जमणार नाही."

"आज शेवटची आहे."

"तिला माहीत आहे. रडतेय बिचारी."

आज तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा कोणासोबत? रोस्मिरा चढू शकणार नव्हती, दुसरं कोणी सांगणारं नव्हतं. ओर्फिलिया तशीच दारात राहिली असती, कोट घालून, तहानलेली, कायमची. मी जे मागत होतो तेच मला मिळणार होतं.

मी स्वयंपाकघरातली हात असलेली खुर्ची उचलली. तीच, जिच्यात तिला खाली नेलं होतं.

"वेडा झालास का?" ओविदियो म्हणाला. "आपलं दोघांचं वय बघ."

"तू येणार की नाही?"

"येतोय ना. फक्त म्हटलं, वय बघ."

रोस्मिरा ऐकेना. म्हणाली, मला खाली पाडाल, मग दोन नवेना कराव्या लागतील आणि सांगायला कोणी नसेल. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. काय बोललो आठवत नाही. तिने हात पुढे केला.

आम्ही तिला उचललं. मी मागून, ओविदियो पुढून. रोस्मिरा दिसते तेवढी हलकी नाही. पहिल्या वळणापर्यंत गेलो आणि ओविदियो म्हणाला, "देवा, हिने पाव खायचं कधी सोडलंच नाही." आम्ही टेकवली. पुन्हा उचलली. माझ्या छातीत टोचत होतं. दरीपलीकडच्या डोंगरामागे सूर्य गेला होता. अंधार पडायच्या आत सुरुवात व्हायला हवी आणि आमचं घर अजून वर, खूप वर होतं.

"नाही पोचत आपण," मी म्हणालो. मला रडू यायला लागलं होतं.

रोस्मिराने शालीतून माळ बाहेर काढली. "कोणी म्हटलं घरातच सुरुवात करावी लागते? शेवट घरात झाला पाहिजे. उचला मला."

आणि खुर्चीत बसूनच तिने मोठ्याने सुरुवात केली, "नमो मरिये, कृपापूर्णे..."

आमच्यात उत्तर द्यायला दम नव्हता. मी तोंड उघडलं तर नुसता श्वास बाहेर आला. ती थांबली, उत्तराची वाट बघत. शांत टेकडी, कुठे काही नाही. मग उजवीकडच्या खिडकीतून उत्तर आलं. रात्रपाळीवाला. तोंडात घास असावा. रोस्मिराने पुढची म्हटली. या वेळी दोन घरांतून उत्तर आलं. पाय दुखणारी शेजारीण कुंड्यांमागून म्हणत होती. आम्ही वर जात होतो तसतसं खालच्या घरांतून उत्तर येणं थांबायचं आणि वरच्या घरांतून सुरू व्हायचं. कोणी बाहेर आलं नाही. एकानेच, लंगड्या अनिबालने, येऊन खुर्चीचा एक पाय धरला.

यानेथ दारात उभी होती. तिने मेणबत्ती लावली होती. आम्ही खुर्ची टेबलासमोर ठेवली आणि मी भिंतीला धरून खाली बसलो.

बाकीचं सगळं रीतसर झालं. "तिला सार्वकालिक विसावा दे, प्रभो," रोस्मिरा म्हणाली आणि आम्ही म्हटलं, "आणि अखंड प्रकाश तिच्यावर पडो." यानेथने चादर उतरवून घडी घातली. क्रूस काढला. ओविदियोने ग्लास रोस्मिराच्या हातात दिला.

"दारातून बाजूला व्हा," ती म्हणाली.

ते सगळे भिंतीला लागले. मी उठून दारापर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

"पापा, बाजूला हो," यानेथ म्हणाली.

"एवेलियो," रोस्मिरा म्हणाली, "आता पुन्हा नको."

"तसं नाही," मी म्हणालो. समोर पायऱ्या होत्या आणि त्यांच्या खाली सगळं शहर, दिवे लागलेलं. "ती उतारावर एकटी उतरत नाही. तुम्हाला माहीत आहे."

ओविदियो म्हणाला, "खरं आहे. कधी उतरली नाही."

"तू पुढे हो," रोस्मिरा म्हणाली. "मी पाणी नंतर ओतते."

मी उतरायला लागलो. नेहमीसारखा, डाव्या बाजूने, एकेका पायरीवर थोडं थांबत. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असताना मागे पाणी दगडावर पडल्याचा आवाज आला. मी मागे वळलो नाही. ती असताना मी मागे वळायचो नाही, वळलं की तिचा तोल जायचा. खांद्यावर काही जाणवलं नाही. जाणवलं असं मी सांगणार नाही. शर्ट घामाने ओला होता आणि वारा लागत होता, एवढंच. तरी मी तिच्याच चालीने उतरलो. जिथे माती आली होती तिथे म्हणालो, "इथे सांभाळून."

खाली थांब्यावर लहान बस उभी होती. ड्रायव्हर तरुण होता, दरवाजा उघडा ठेवून काहीतरी खात होता.

"बसताय का, काका?"

"नाही. पोचवायला आलोय."

त्याने माझ्या मागे बघितलं. मग माझ्या काळ्या शर्टाकडे बघितलं. त्याने हातातलं खाणं कागदात गुंडाळलं.

"थोडा वेळ उघडं ठेवशील?" मी विचारलं.

"ठेवतो."

आम्ही दोघं थांबलो. मग त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, विचारल्यासारखी. मीही हलवली. दरवाजा बंद झाला आणि बस वळणावरून गेली.

मग मला वर चढायचं होतं. चढताना ती पुढे असायची. मी पायरी चढायचो तेव्हा समोर तिच्या टाचा दिसायच्या, आणि वर पोचली की ती हसायची. मी अर्ध्या वाटेत बसलो. जप थांबला होता, खिडक्या लागल्या होत्या, सगळं शांत. खालचे लोक म्हणतात ती शांतता. मला वाटलं उठताच येणार नाही. बराच वेळ बसलो. मग उठलो, कारण रोस्मिराला परत खाली न्यायचं होतं आणि ओविदियोला एकट्याला ते जमणार नव्हतं.

घरात भिंत मोकळी होती. चादरीच्या जागी खिळ्यांची भोकं. यानेथने कप धुतले होते. तो ग्लासही धुऊन फडक्यावर पालथा घातला होता.

चढून आल्यामुळे मला फार तहान लागली होती. मी ग्लासाला हात लावला नाही. नळाला तोंड लावलं आणि प्यालो.